कोलंबो ते बाली : दोन महिन्यांच्या बेटफेरीची आखणी

बेटांचा लांब प्रवास ठरवताना बहुतेक जण आधी विमानाची तिकिटं बघतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो. ऑगस्टमध्ये स्वस्तात तिकीट मिळालं म्हणून श्रीलंकेच्या नैऋत्य किनाऱ्यावर गेलात, तर समुद्र खवळलेला असतो आणि पोहायला मज्जाव असतो. या प्रवासात आधी वारा ठरवायचा, मग होड्या, आणि शेवटी विमानं. इथे श्रीलंका, मालदीव, मलेशिया, सिंगापूर आणि इंडोनेशिया अशा साधारण ६० दिवसांच्या फेरीची आखणी दिली आहे. मुंबईहून निघणाऱ्याला ही वाट सरळ पडते.

वारा आणि महिना

मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारे वाहतात. त्या काळात कोलंबो, गॉल, मिरिस्सा आणि मालदीव ओले असतात, तर श्रीलंकेच्या पूर्वेला त्रिंकोमालीचा समुद्र शांत असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ईशान्य वारे असतात. तेव्हा नेमकं उलट होतं : कोलंबो-गॉलचा किनारा डिसेंबरपासून कोरडा, आणि मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरची पेर्हेंटियन, तिओमान ही बेटं जवळजवळ बंद. सिंगापूरला वर्षातला सगळ्यांत जास्त पाऊस याच सुमारास पडतो. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे तिथलं गणित वेगळं. तिथे नोव्हेंबर ते मार्च पावसाळा आणि एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत कोरडा काळ.

हे सगळं जुळवलं तर एकच क्रम नीट बसतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात श्रीलंका, तिथून मालदीव, मार्चअखेर मलेशियाचा पश्चिम किनारा, मग सिंगापूर, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बाली. दिवसांची वाटणी अशी करा : श्रीलंका १२, मालदीव ७, मलेशिया १६, सिंगापूर ४, इंडोनेशिया २१. मालदीव आणि सिंगापूर ही दोन ठिकाणं खिशाला सगळ्यांत जड जातात, म्हणून तिथले दिवस कमी ठेवलेत. उलट दिशेने, म्हणजे ऑक्टोबरमध्ये बालीपासून सुरुवात करूनही जाता येतं, पण मग मलेशियाचं पेनांग बेट नेमकं भर पावसात येतं.

वाऱ्यानंतर सण तपासा. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत येतो. मालदीवच्या वस्तीच्या बेटांवर रमजानमध्ये दिवसभर खानावळी बंद असतात, म्हणून मालदीवचा आठवडा ईदनंतर टाका. पण ईदच्या आसपास मलेशिया आणि इंडोनेशियात अख्खा देश गावी निघालेला असतो, त्यामुळे त्या दिवसांत लांबचा प्रवास ठेवू नका. श्रीलंकेत १३-१४ एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्ष असतं, तेव्हा दुकानं आणि बससेवा थंडावतात.

बालीत न्येपी हा मौनाचा दिवस पाळतात. तो तिथल्या शक कालगणनेचा वर्षारंभ. २०२६ मध्ये तो १९ मार्चला, म्हणजे नेमका आपल्या गुढीपाडव्याच्या दिवशी आला. एरवी दोन्हींत काही दिवसांचा, कधी महिन्याचाही फरक पडतो. त्या दिवशी बालीचा विमानतळ २४ तास बंद असतो, रस्त्यावर फिरता येत नाही, आणि पाहुण्यांनाही हॉटेलच्या आवारातच राहावं लागतं. विमानाची तारीख ठरवण्याआधी त्या वर्षीची न्येपी बघून घ्या.

कागदपत्रं

पासपोर्टची मुदत सहा महिने हवी, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते सहा महिने प्रत्येक देशात शिरण्याच्या तारखेपासून मोजतात, मुंबई सोडल्याच्या तारखेपासून नाही. बालीत तुम्ही सुमारे चाळीस दिवसांनी पोहोचणार. म्हणजे निघताना पासपोर्टची किमान आठ महिने मुदत हवी, आणि दहा असेल तर जिवाला घोर राहत नाही. कोरी पानं सहा तरी असू द्या.

नावाचा घोटाळा मराठी माणसांच्या बाबतीत फार होतो. आपल्या पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं आणि आडनाव वेगळ्या. तिकीट काढताना मधलं नाव गाळलं, आणि व्हिसाच्या अर्जात मात्र घातलं, की काउंटरवर प्रश्न सुरू होतात. एक नियम करा : पासपोर्टवर जसं छापलं आहे तसंच, त्याच क्रमाने, सगळीकडे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर प्रवासाआधी तो दुरुस्त करून घ्या. दहावीचं प्रमाणपत्र नसलेल्या, पन्नाशीच्या आतल्या काहींच्या पासपोर्टवर ईसीआर शिक्का असतो, म्हणजे ठरावीक देशांत नोकरीसाठी जायला आधी सरकारी परवानगी लागते. मलेशिया आणि इंडोनेशिया त्या देशांच्या यादीत आहेत, पण ती अट नोकरीसाठी जाणाऱ्यांना आहे. पर्यटकाने परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून हाताशी ठेवावं, म्हणजे पुरतं.

आता व्हिसा. सगळ्यांत आधी सिंगापूरचा, कारण या पाचांत आधी अर्ज करून मंजुरीची वाट बघावी लागते तो हाच. अर्ज मान्यताप्राप्त एजंटामार्फत जातो. फॉर्म १४ए, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो, बँकेचं स्टेटमेंट आणि प्रवासाचा आराखडा लागतो. लांबच्या प्रवासात लोक एक गोष्ट विसरतात : सिंगापूरला तुम्ही घर सोडल्यावर पाच आठवड्यांनी पोहोचता. मिळालेल्या व्हिसाची मुदत त्या तारखेपर्यंत आहे का, आणि तो एका प्रवेशाचा आहे की अनेक, हे हातात येताच वाचा.

श्रीलंकेसाठी सरकारी संकेतस्थळावरून ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवेशपरवाना, काढायचं. तसंच दिसणारी खाजगी संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट पैसे घेतात, तेव्हा पत्ता श्रीलंका सरकारचाच आहे ना ते बघा. मालदीव पोहोचल्यावर मोफत व्हिसा देतं, मात्र हॉटेलचं बुकिंग आणि पुढचं तिकीट दाखवावं लागतं. मलेशियाने भारतीयांना ३० दिवस विनाव्हिसा प्रवेश दिला आहे. जाहीर झालेली सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतची आहे, त्यापुढच्या प्रवासाला तेव्हाचा नियम पाहा. इंडोनेशियाचा ‘व्हिसा ऑन अरायव्हल’ ५ लाख रुपियांचा, ३० दिवसांचा, आणि एकदा आणखी ३० दिवस वाढवता येतो. पोहोचल्याचा दिवस पहिला धरतात. मुदत ओलांडली तर दर दिवशी १० लाख रुपिया दंड. बालीत याशिवाय दीड लाख रुपियांचा पर्यटक कर आहे, तो ऑनलाइन आधी भरून त्याचा क्यूआर कोड फोनमध्ये ठेवा.

प्रत्येक देशाचं आगमन कार्ड वेगळं, आणि ते फार आधी भरता येत नाही. मालदीवचं ‘इमुगा’ विमानाच्या आधीच्या ९६ तासांत, मलेशियाचं आणि सिंगापूरचं पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत. ही सगळी कार्डं मोफत आहेत. कोणी पैसे मागितले तर तुम्ही चुकीच्या पानावर आहात. फोनच्या कॅलेंडरमध्ये प्रत्येक देशाच्या दोन दिवस आधी आठवण लावून टाका.

पुढचं तिकीट दाखवा, हे मुंबईतच विचारतात. श्रीलंकेचं एकेरी तिकीट घेऊन गेलात तर विमान कंपनी श्रीलंकेबाहेर जाणारं तिकीट बघितल्याशिवाय बोर्डिंग पास देत नाही. म्हणून देश बदलणारी तिकिटं आधी काढायची आणि देशाच्या आतलं सगळं मोकळं ठेवायचं. मलाक्काहून सिंगापूरला बसने जाणार असाल तर ते बसचं तिकीटही छापून ठेवा.

होड्या आणि फेऱ्या

सगळ्या आखणीचा कणा हाच. गेटवे-मांडवा बोट पावसाळ्यात बंद असते हे आपल्याला माहीत असतं, पण परदेशात गेलं की आपण वेळापत्रकावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. बोट रद्द होणं ही तिथेही नित्याची गोष्ट. म्हणून पहिला नियम : ज्या दिवशी बेटावरून बोटीने परतायचं, त्या दिवशी आंतरराष्ट्रीय विमान ठेवायचं नाही. मध्ये एक रात्र मुख्य शहरात. साठ दिवसांत अशा तीन रात्री लागतात. त्या वाया गेल्या असं वाटलं तरी एका चुकलेल्या विमानापेक्षा स्वस्त पडतात. दुसरा नियम : शक्य तिथे सकाळची पहिली बोट घ्या. दुपारनंतर वारा वाढतो आणि लाटा उंचावतात.

मालदीवमध्ये विमानतळ हुल्हुले बेटावर आहे आणि २०१८ पासून पुलाने माले व हुल्हुमालेशी जोडला आहे. रिसॉर्टचं सी-प्लेन फक्त उजेडात उडतं. तुमचं विमान दुपारी उशिरा उतरणार असेल तर त्या दिवशीचं सी-प्लेन मिळत नाही आणि हुल्हुमालेत एक रात्र पदरची घालवावी लागते. त्यात सामानाची मर्यादाही २० किलो आणि हातात ५ किलो, एवढीच. कमी खर्चात राहायचं तर माफुशी, थुलुसधू, धिगुरा अशी वस्तीची बेटं निवडा. सार्वजनिक फेरीबोटीला माले ते माफुशी दीड तासाच्या आसपास लागतो, स्पीडबोटीला त्याच्या निम्म्याहून कमी. जुन्या सार्वजनिक फेऱ्या शुक्रवारी बहुधा नसतात, म्हणून शुक्रवारी बेट बदलण्याचा बेत करू नका. वस्तीच्या बेटावर दारू मिळत नाही आणि देशात आणताही येत नाही. पोहण्याच्या कपड्यात फक्त त्यासाठी राखलेल्या किनाऱ्यावरच वावरायचं, गावात अंग झाकलेलं हवं. ५० खोल्यांपर्यंतच्या गेस्टहाउसमध्ये माणशी दर दिवशी ६ डॉलर हरित कर वेगळा पडतो. बुकिंगच्या किमतीत तो आहे की नाही ते विचारा.

बालीत नुसा पेनिडासाठी सानूर बंदर, आणि गिली किंवा लोंबोक या बेटांसाठी पडांगबाई. वेगवान बोटी दीड-दोन तासांत नेतात, पण लोंबोकच्या सामुद्रधुनीत प्रवाह जोरदार आहेत. सरकारी मोठी फेरी पडांगबाईहून लोंबोकच्या लेंबार बंदराला चार-पाच तास घेते. ती हळू जाते, पण लाटा असतील तेव्हा तीच बरी. वेगवान बोटीत मागच्या बाजूला बसा, पुढचं टोक सगळ्यांत जास्त आपटतं. चढण्याआधी जीवरक्षक जॅकेट कुठे आहे ते डोळ्यांनी बघा. जॅकेटं कुलूपबंद पेटीत असतील किंवा माणसं क्षमतेपेक्षा जास्त भरली असतील, तर ती बोट सोडून द्या. गिली बेटांवर मोटारगाड्या नाहीत आणि वाळूत चाकांची बॅग ओढता येत नाही. एवढ्या एका कारणासाठी पाठीवरची पिशवी घ्यावी.

बोट लागत असेल तर उलटीची गोळी बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, निदान तासभर आधी घ्यावी लागते. ॲव्होमिनसारख्या गोळीने झोप येते, म्हणून कोणती आणि किती हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. पोट रिकामं ठेवू नका आणि तुडुंबही भरू नका.

जमिनीवरचे टप्पे

कोलंबो फोर्ट ते गॉल ही रेल्वे जवळजवळ सगळी समुद्राच्या कडेने जाते. दक्षिणेकडे जाताना उजवीकडची खिडकी धरा. अडीच तासांचा प्रवास आहे, सकाळी निघा. गॉलचा कोट पोर्तुगीजांनी १५८८ मध्ये सुरू केला आणि डचांनी वाढवला. किल्ल्याच्या आत राहिलात तर संध्याकाळी तटबंदीवर चालता येतं. बाहेर राहण्यात पैसे वाचतात, पण ती संध्याकाळ हातची जाते, आणि ती चुकवण्यासारखी नाही.

मालेहून क्वालालंपूरला उतरून आधी उत्तरेला जा. ईटीएस रेल्वे चारेक तासांत बटरवर्थला पोहोचते. स्टेशनपासून फेरीचा धक्का चालत जाण्याइतका जवळ आहे आणि दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही पेनांगच्या जॉर्ज टाउनला. मग दक्षिणेला मलाक्का. ही दोन्ही शहरं २००८ मध्ये एकत्रच जागतिक वारसा यादीत आली. मलाक्कात जोंकर स्ट्रीटचा रात्रीचा बाजार शुक्रवार ते रविवार असतो, तेव्हा खोल्या महागतात. सोमवार ते गुरुवार राहा, शहर निवांत बघता येतं. तिथलं अठराव्या शतकातलं विनायगर मंदिर जरूर बघा. मलाक्काच्या चेट्टी समाजाने गणपती किती जिव्हाळ्याने सांभाळला आहे ते कळतं.

मलाक्का ते सिंगापूर बसला साधारण चार तास. सीमेवर दोनदा उतरावं लागतं, आणि सिंगापूरच्या बाजूला सगळं सामान बरोबर घेऊनच. बसचा नंबर फोटो काढून ठेवा, कारण रांगेत उशीर झाला तर बस थांबेलच असं नाही. तसं झालं तर त्याच कंपनीची पुढची बस घ्यायची, तिकीट जपून ठेवायचं. शुक्रवार आणि रविवार संध्याकाळ टाळा.

पैसा

रोख परकीय चलन एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत नेता येतं, बाकी फॉरेक्स कार्डवर. रोख ६००-७०० डॉलर पुरे, नोटा कोऱ्या आणि बिनघडीच्या घ्या. बालीत चलन बदलून देणारे चुरगळलेली किंवा पेनाची खूण असलेली नोट नाकारतात. मालदीवचं रुफिया देशाबाहेर कोणी घेत नाही, तेवढ्यापुरतंच बदला. दोन वेगळ्या बँकांची कार्डं दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. ते ॲपमधून चालू करा, एटीएम आणि दुकान दोन्हींसाठी वेगवेगळे. मशीनने ‘रुपयांत आकारू का’ असं विचारलं तर कायम नाही म्हणा. त्यात त्यांचा दर लागतो आणि तो महाग असतो. इंडोनेशियातली बरीच एटीएम आधी पैसे देतात आणि नंतर कार्ड, त्यामुळे लोक पैसे मोजत निघून जातात आणि कार्ड आत राहतं.

आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत स्वतः परकीय चलन घेतलं तर टीसीएस, म्हणजे आगाऊ कापला जाणारा कर, लागत नाही. तेच तुम्ही परदेशी सहलीचं पॅकेज घेतलंत तर पहिल्या रुपयापासून कापला जातो. विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो, म्हणून पावती जपा.

भारतीय सिम बंद पडू देऊ नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात आणि साठ दिवसांत प्रीपेडची मुदत हमखास संपते. निघण्याआधी ८४ दिवसांचं रिचार्ज मारा, रोमिंग चालू ठेवा, आणि इंटरनेटसाठी प्रत्येक देशाचं ई-सिम वेगळं घ्या.

फराळाचा डबा आणि शाकाहार

हे नीट वाचा. खसखस सिंगापूरमध्ये बंदी असलेला पदार्थ आहे, तिथे तो अमली पदार्थांच्या कायद्यात बसतो. अनारसे, खसखस घातलेले लाडू, घरचा गोडा मसाला, कांदा-लसूण मसाल्याची पुडी : यांत खसखस आहे का ते घरी विचारून घ्या, आणि असेल तर सिंगापूरला पोहोचण्याआधी संपवा किंवा नेऊच नका. च्युइंगगम आणि ई-सिगारेट याही वस्तू तिथे चालत नाहीत. भांग, गांजा यांना सिंगापूर, मलेशिया आणि इंडोनेशियात भयंकर शिक्षा आहेत, मोठ्या प्रमाणाला मृत्युदंडही. विमानतळावर कोणाचीही पिशवी ‘जरा धरा’ म्हणून हातात घेऊ नका. कोडीनची खोकल्याची औषधं किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासकट, आणि सिंगापूरची पूर्वपरवानगी लागते का ते आधी तपासा.

शाकाहारी माणसाला अडचण मांसाची नसते, सुक्या माशाची असते. श्रीलंकेत नारळाच्या चटणीत, म्हणजे पोल सांबोलात, उंबलकड हा सुका टूना मासा घालतात. मालदीवमध्ये तोच सुका टूना जवळपास सगळ्यात. मलेशियात बेलाचान आणि इंडोनेशियात तेरासी, दोन्ही कोळंबी-जवळ्याची आंबवलेली पेस्ट. नुसतं ‘व्हेज’ म्हटलं तर भाजीवर तेरासीचा सांबाल येतो. इंडोनेशियात ‘तान्पा तेरासी, तान्पा इकान’ असं सांगा : तेरासी नको, मासा नको. तेंपे आणि टोफू बालीत कुठेही मिळतात, पेनांग आणि सिंगापूरच्या लिटल इंडियात केळीच्या पानावरचं जेवण पोटभर मिळतं. सगळ्यांत अवघड आठवडा मालदीवचा. पोहे, उपमा, मेतकूट याच आठवड्यासाठी राखून ठेवा.

पाण्यातली काळजी

स्कूबा करणार असाल तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसू नका. रक्तात विरघळलेला नायट्रोजन हवेचा दाब कमी होताच बुडबुडे धरतो, आणि सांधे, मज्जारज्जू यांना इजा होऊ शकते. विम्यात स्कूबा आणि बोटीने रुग्णालयात हलवण्याचा खर्च आहे का ते वाचा. साध्या प्रवासविम्यात तो बहुधा नसतो. बालीत स्कूटर घेणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. फॉर्म ४ए, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. परवान्यावर दुचाकीची नोंद नसेल तर अपघातात विमा कंपनी दावा नाकारते.

समुद्र आत ओढू लागला तर किनाऱ्याकडे झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहत राहा, ओढ अरुंद पट्ट्यात असते आणि ती सुटते. लाल झेंडा असेल तर गुडघाभर पाण्यातही नको. प्रवाळाने खरचटलं तर गोड्या पाण्याने भरपूर धुऊन जंतुनाशक लावा. त्या जखमा लवकर चिघळतात. मालदीवमधून प्रवाळाचे तुकडे किंवा कासवाच्या पाठीच्या वस्तू बाहेर नेता येत नाहीत.

सामानात तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश अडॅप्टर हवा, तो मालदीव, मलेशिया, सिंगापूर आणि बऱ्याच ठिकाणी श्रीलंकेतही चालतो. इंडोनेशियात दोन गोल पिना. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच, आणि २७,००० एमएएचच्या आतली. स्वस्त विमान कंपन्या हातसामान ७ किलोच धरतात आणि तोलूनही बघतात.

परतीचं तिकीट

बालीहून मुंबईला येताना बरीच तिकिटं सिंगापूरमार्गे असतात. तुमचा सिंगापूरचा व्हिसा एका प्रवेशाचा असेल तर तो आधीच वापरून झालेला असतो. दोन वेगळी तिकिटं काढलीत तर सामान घ्यायला इमिग्रेशनच्या बाहेर पडावं लागतं, आणि तिथेच अडकता. एकाच पीएनआरचं, सामान थेट मुंबईपर्यंत जाणारं तिकीट काढा. नाहीतर क्वालालंपूरमार्गे या. तिथे विनाव्हिसा प्रवेश सुरू असेपर्यंत बाहेर पडता येतं, फक्त मलेशियाचं आगमन कार्ड पुन्हा नव्याने भरावं लागतं.